दादाजीनं तोलून आणलेला डब्बा

माझा भाऊ दादाजी माझ्याहून लहान, पण कुणी नवीन माणूस आला तर मलाच लहान समजतो. सारा जन्म तलावात गेला त्याचा. गुडघे सुजलेले, पायाची बोटं कायम भिजून पांढरी. घरी आला की आधी ओट्यावर बसतो, मग पाणी मागतो, आणि पाणी येईपर्यंत बसल्याबसल्या त्याचा डोळा लागतो. माझं सासर-माहेर चंद्रपूरकडच्या मूल शहराजवळच्या या एकाच गावातलं. त्याच्या अंगणातलं बोलणं माझ्या परसात ऐकू येतं. म्हणून हे सगळं मला माहीत.

आम्ही ढिवर. सकाळी जाळं ओढलं की मासोळी काठावर ओततात आणि जाळ्यावर जेवढी माणसं तेवढे वाटे पडतात. हे वाटे दादाजीच घालतो. मासा उचलायचा, हातात जरासा झुलवायचा, कुठल्यातरी ढिगावर ठेवायचा. एक मोठा रोहू इकडे, दोन लहान तिकडे. मच्छीमार संस्थेकडे काटा आहे, पण तो व्यापाऱ्यासाठी. आपसात काटा काढणं म्हणजे आपल्याच माणसावर संशय घेणं, असं आमच्यात मानतात. दादाजीनं घातलेल्या वाट्यावर कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. शिक्षण नाही, जमीन नाही, पण हा एक मान त्याला होता.

त्याची मुलगी आचल. बीए झाली आणि मोबाईलवर पाहून पाहून लग्नाच्या शूटिंगची जोडणी करायला शिकली. मूलला भैयाजीचा फोटो स्टुडिओ आहे. तो लग्नं शूट करून आणतो, आचल त्याची कापाकापी करते, गाणी टाकते, नवरदेव घोड्यावर बसताना पडला असेल तर तेवढं काढून टाकते. आधी त्याच्याच दुकानात जाऊन करायची. पुढे बसचा भरवसा राहिला नाही, तेव्हा तिनं घरीच कॉम्प्युटर बांधायला घेतला. एक भाग जुना, एक नवा, असं करत सगळं जमवलं. फक्त वीज देणारा डब्बा राहिला होता. त्याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या एकेका भागाला सोसेल तेवढीच वाटून द्यायची, हे त्याचं काम. आचल म्हणायची, "आत्या, बाकी काही हलकं चालते. हा डब्बा चांगला पायजे. हा बिघडला तं सगळ्यायले घेऊन जाते."

त्या दिवशी तिला ताप होता आणि दादाजी जाळ्याच्या दोऱ्यासाठी चंद्रपूरला निघाला होता. तिनं त्याला कंपनीचं नाव पाठ करून दिलं, परत म्हणवून घेतलं. "हेच भेटलं तं आना बाबा. नाई भेटलं तं राहू द्या."

संध्याकाळी तो आला, डब्बा छातीशी धरून. कंपनी मात्र दुसरीच.

"नाव याद होतं मले," तो म्हणाला. "तो बी होता दुकानात. पन दोन्ही हातात घेऊन पाह्यले. तो याच्या अर्धा बी नाई भरत. हा पाह्य, कसा भरला हाय! आन याच्यावर आकडा बी मोठा लिहून हाय."

दुकानदारानंच म्हटलं होतं म्हणे, भाऊ, जरा हातात तर घेऊन पाहा. दादाजीला एवढं पुरे होतं.

आचलनं डब्बा घेतला, फिरवून पाहिला, आणि म्हणाली, "बरं झालं बाबा."

कॉम्प्युटर सुरू झाला. दादाजीच्या बायकोनं, रंभावहिनीनं, मशीनला कुंकू लावलं. मी नारळ फोडला. नुसती गाणी लावली, फोटो पाहिले तर छान चालायचा. पण पूर्ण लग्नाची फिल्म तयार करायला लावली की मशीनवर जोर यायचा, आतला पंखा ओरडायला लागायचा आणि मध्येच फट्कन सगळं बंद. काळा पडदा. पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या शेजारी राईस मिल आहे. तिची मोटर सुरू झाली की घराघरातले बल्ब मिणमिणतात. आम्ही आधी तिलाच शिव्या घातल्या. वहिनीनं लिंबू-मिरची बांधली. मी मार्कंड्याच्या महादेवाला बोलले की पोरीचं काम मार्गी लाव, पायी येईन. मिल बंद असलेल्या दिवशीही मशीन बंद पडली, तेव्हा मिलवाल्याला दिलेल्या शिव्या परत घ्याव्या लागल्या.

आचल मग फिल्मचे लहान लहान तुकडे करून काढायला लागली. हळद वेगळी, वरात वेगळी, मंगलाष्टकं वेगळी. ते सगळं नंतर जोडायचं. जोडताना पुन्हा बंद. पोरीच्या डोळ्याखाली काळं आलं. बाप तलावावरून थकून यायचा आणि दारातूनच विचारायचा, "डब्बा बरा चालून राह्यला ना?"

"हो बाबा."

एक दिवस भैयाजी मोटरसायकल घेऊन घरीच आला. खाटेवर बसला नाही.

"आचल, नवरीचा बाप रोज माह्या दुकानात ठिय्या मारून बसते. पोरगी सासरी जाऊन आता दिवस गेले तिले! आन अजून लग्न लागाचंच हाय तिचं तुह्या कॉम्प्युटरमंदी."

"देतो भाऊ. थोडंसंच राह्यलं."

"थोडंसं, थोडंसं. हा आठवडा पाहतो. नाई तं नागपूरले देतो, आन मंग सगळंच तिकडे जाईन. मले बी माणसं सांभाळा लागते."

तो गेला आणि वहिनीनं पुण्याचा विषय काढला. तिच्या बहिणीची मुलगी तिथं एका कारखान्यात आहे, दोन पोरींची जागा निघाली होती. "इथी बसून डोळे फोडण्यापरीस तिकडे जाय," वहिनी म्हणाली. आचल गेली तर या घरात दादाजीशी दोन शब्द बोलणारं कुणी नाही, हे वहिनीलाही ठाऊक होतं. पण तीही थकली होती.

मी आचलला परसात गाठलं. "खरं सांग, कशानं होते हे?"

"डब्ब्यानं. मले कईचं मालूम हाय."

"मंग सांगत काऊन नाईस?"

"कसं सांगू आत्या? स्टिकरवर सहाशे वॉट लिहून हाय, देत असन अर्धे. पन बाबानं स्वतःच्या हातानं तोलून आनला. रोज इचारते. त्यायले सांगू का, तुमचा हात चुकला म्हनून?"

मी म्हटलं, देव पाहील. आणि म्हणताना मलाच वाटलं, देवानं काय काय पाहायचं.

दादाजी मात्र त्याच्या परीनं मशीन का बंद पडते याचा शोध घेत होता. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. गावातल्या वायरमननं सांगितलं, घराला अर्थिंग नाही, खड्डा करून कोळसा-मीठ टाका. दुसऱ्या दिवशी तलावावरून आल्यावर तो ओट्यावर बसलाच नाही. लोखंडी सब्बल घेऊन घरामागं गेला. मुरमाड जमीन. एक घाव घालायचा, गुडघा धरायचा, पुन्हा एक घाव. कमरेएवढा खड्डा झाला तेव्हा आत उतरला आणि त्याला बाहेर यायला जमेना. मी कुंपणाजवळून पाहत होते. आचल धावत आली, हात दिला आणि तिथंच रडायला लागली.

"बस झालं बाबा. नोका खंदू. डब्बाच खराब हाय."

"कोनता डब्बा?"

"तुमी आनलेला."

तो खड्ड्यातच उभा राहिला. म्हणाला, "असा कसा खराब? एवढा भरला हाय."

मूलच्या निकेशकडे डब्बा नेला. तो दुरुस्तीची कामं करतो. त्यानं झाकण उघडलं. आत तारा होत्या, दोनचार लहान भाग होते, आणि एका बाजूला स्क्रूनं कसलेली लोखंडाची जाड पट्टी. कशालाच न जोडलेली.

"हे का काम करते?" दादाजीनं विचारलं.

"काहीच नाई करत काका. नुसतं वजन वाढवते. चांगला डब्बा जड असते हे सगळ्यायले मालूम झालं, म्हनून आता लोखंड टाकून विकते. असे फसनारे तुमी पह्यले नाई."

दादाजीनं पट्टी हातात घेतली. झुलवली नाही. तशीच टेबलावर ठेवली.

दुसऱ्या सकाळी काठावर मासोळी ओतली आणि सगळे त्याच्याकडे पाहत उभे राहिले. तो म्हणाला, "काटा आना."

"काऊन?" इतवारीनं विचारलं. इतवारी त्याचा लहानपणचा जोडीदार. "आमी चोर झालो का आजपासून?"

"तुमी नाई. काटा आना."

कुणी आणला नाही. शेवटी इतवारीनंच वेडेवाकडे वाटे घातले आणि त्यावरून बाकीच्यांपैकी दोघांचं भांडण झालं. दादाजी आपला ढीग पिशवीत भरून घरी आला. कमी की जास्त, पाहिलंही नाही.

आचल म्हणाली, चला चंद्रपूरला. तो म्हणाला, मी येऊन काय करू. ती म्हणाली, डब्बा धरायला माणूस लागते. माझं डोळ्याचं दाखवायचं होतं, मीही निघाले. बसमध्ये तो खिडकीशी बसून झोपला.

दुकान या वेळी दुसरं होतं. दुकानदारानं तीनचार डब्बे काढले आणि सवयीनं एक दादाजीपुढं केला. "घ्या काका, हातात घेऊन पाहा." दादाजीनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"तिले दाखवा," तो म्हणाला. "मशीन तिची हाय."

आचलनं डब्ब्यावरचे बारीक आकडे वाचले. बारा व्होल्टवर खरंच किती वीज देतो ते पाहिलं. गॅरंटी किती वर्षांची, बिघडला तर कुठं द्यायचा, बिलावर नंबर लिहाल का, एकेक विचारलं. दुकानदार वैतागला. "पोरगी लग्नाचं स्थळ पाहून राह्यली का डब्बा?"

"स्थळाले गॅरंटी नाई भेटत," आचल म्हणाली.

दादाजी हसला नाही. पण परत येताना तो झोपलाही नाही. डब्बा मांडीवर घेऊन बसला. मूलचा स्टँड आल्यावर मला म्हणाला, "बाई, हा बी जडच हाय." मी म्हटलं, असू दे.

खड्डा वाया गेला नाही. अर्थिंगही करून घेतली. रविवारी सकाळी आचलनं ते लग्न पुन्हा लावलं. शेजारी मिल सुरू होती, बल्ब मिणमिणत होता, पंखा ओरडत होता. पडद्यावरची हिरवी रेघ सरकत राहिली. वहिनी चुलीपुढून उठून दोनदा पाहून गेली. दादाजी जाळं सोडवत अंगणात बसला होता. आत आला नाही.

दुपारी फिल्म पूर्ण झाली. आचलनं भैयाजीला फोन लावला. तो म्हणाला, "आता आठवन आली का? बरं, घेऊन ये. बरडकिन्ही गावचं एक लग्न हाय, ते बी घेऊन जाजो." तिनं फोन ठेवला आणि बापाला सांगायला बाहेर आली. तो जाळ्यावरच आडवा होऊन झोपला होता, हातात दोरा तसाच, तोंड उघडं.

वहिनी म्हणाली, उठव ना. आचलनं नको म्हणून मान हलवली. आत जाऊन तिनं पडद्यावर चाललेल्या वरातीच्या बँडचा आवाज बारीक केला आणि बरडकिन्हीच्या लग्नासाठी कॉम्प्युटरमध्ये जागा करायला बसली.