गिनिपिगांमुळे वाचलेला रंगारी

कितीही समजावून सांगितलं तरी तिची आई शेजारणींना एकच सांगायची, "आमची लेक दुसऱ्यांच्या पोटात शिरते." तसं ते फार चुकीचं नव्हतं. औषध पोटात गेलं की यकृत त्याची मोडतोड कशी करतं, मागे काय उरतं आणि ते बाहेर कसं पडतं, हे आधी प्राण्यांत तपासून माणसात काय होईल त्याचा अंदाज बांधणं, हेच तिचं काम. प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत.

त्या वर्षी सांधेदुखीवरचं एक नवं औषध आलं होतं. उंदरांनी ते पचवलं, कुत्र्यांनीही पचवलं. साहेब खुशीत होते. माणसांवरच्या चाचणीची तारीख ठरली आणि पहिला डोस घेणारा धडधाकट माणूसही ठरला. तो होता एक रंगारी. सांधेदुखीने आईची बोटं वाकडी झालेली, म्हणून आपणहून पुढे आलेला.

मधल्या काळात ताईने ते औषध काचेच्या बशीत माणसाच्या यकृतातल्या पेशींना देऊन पाहिलं. आलेखावर एक लहानसा उंचवटा आला. उंदरांच्या आलेखात तो जेमतेम दिसायचा, कुत्र्यांच्या आलेखात तर नव्हताच. म्हणजे माणसाचं यकृत या औषधातून काहीतरी वेगळंच बनवत होतं. त्या दुपारी तिने डबा उघडला, पण लक्ष त्या आलेखावरच होतं. डबा तसाच बंद करून ती साहेबांकडे गेली.

"उंदीर झाले, कुत्री झाली," साहेब वैतागले. "आता काय हत्ती आणू?"

"हत्ती नको, गिनिपिग पुरेत. औषधातून तो वेगळा पदार्थ बनवणारा यकृतातला एन्झाइम त्यांच्यात माणसासारखाच भरपूर असतो."

"चाचणी लांबली तर वरचे माझं डोकं खातील, ताई."

"खाऊ द्या. त्या रंगाऱ्याला काही झालं तर आपल्याला अन्न गोड लागेल का?"

 साहेबांनी फोन उचलला आणि चाचणी पुढे ढकलायला सांगितली.

गिनिपिग आले. प्राणिघर सांभाळणाऱ्या मामांनी त्यांचे लाड सुरू केले. मामांची चाहूल लागली की सगळे पिंजरे शिट्ट्या मारायचे. औषध सुरू झाल्यावर काही दिवसांनी मामांनी ताईला हाक मारली. "यांनी खाणं टाकलंय. आणि लघवी बघा, कशी गढूळ आहे."

सूक्ष्मदर्शकाखाली सुयांसारखे स्फटिक चमकत होते. यकृताने बनवलेला तो पदार्थ पाण्यात विरघळत नव्हता आणि मूत्रपिंडात जाऊन तुंबत होता. रंगाऱ्याच्या शरीरातही हेच झालं असतं. 

प्रयोग तिथेच थांबवला, पण काही गिनिपिग दगावलेच. मामा रिकामा पिंजरा पुसत होते.

"जे कळायला हवं होतं ते कळलं ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"कळलं, मामा. एका माणसाचा जीव वाचला."

"मग फुकट नाही गेली बिचारी," मामा म्हणाले आणि त्याच फडक्याने त्यांनी डोळे पुसले.

साहेब स्वतः खाली आले. "तुम्ही हट्ट धरलात म्हणून वाचलो," एवढंच म्हणाले. पण त्यांच्या तोंडून तेही फार होतं.

रसायनवाल्यांनी औषधाच्या रेणूचा एक कोपरा बदलला. पुढच्या खेपेला तो उंचवटा आला नाही आणि गिनिपिग मजेत कोबी खात राहिले. वर्षभराने रंगाऱ्याने पहिला डोस घेतला. त्याच्या रक्तातलं औषध ताईच्या हिशेबाप्रमाणेच चढलं आणि तसंच उतरलं.

रंगारी तिला शोधत आला. कानाच्या पाळीला पांढरा रंग लागलेला. "चाचणी पुढे ढकलली तेव्हा मी तुम्हाला चिकार शिव्या घातल्या होत्या, ताई. नंतर कारण कळलं. आता आभार मानायला आलोय."

"माझे नकोत, गिनिपिग सांभाळणाऱ्यांचे माना," म्हणत ताई त्याला मामांकडे घेऊन गेली. मामांच्या खोलीतल्या भिंतींचे पोपडे दिसताच रंगाऱ्याने त्यांवरून हात फिरवून पाहिला. रविवारी तो डबे, ब्रश घेऊन हजर. ताईने शिडी धरली, मामांनी चहा केला.

औषध बाजारात यायला आणखी काही वर्षं गेली. ते आलं, आणि एका सकाळी रंगाऱ्याचा फोन आला. "ताई, आज आईने स्वतःच्या हाताने वेणी घातली."  फोन ठेवून ती तडक मामांना सांगायला निघाली.