भोंगाआप्पांचं वाळवंट

आगरदांड्याच्या धक्क्यावरून सुटून पार खाडीच्या मध्याकडे निघालेली दिघीची फेरीबोट भोंगाआप्पांनी एकदा नुसत्या हाकेवर परत फिरवली होती. बोटीवरच्या माणसांना वाटलं, कुणीतरी पाण्यात पडलं. बोट धक्क्याला टेकली तेव्हा आप्पा शांतपणे सायकल हातात धरून चढले आणि तांडेलाला म्हणाले, "जल्ला, मी काय ओरडलो? मी इचारला, दुसरी बोट कवा हाय."

त्यांचं खरं नाव गावात फक्त पोस्टमनला ठाऊक असावं. पेणजवळच्या आमच्या गावात ते भोंगाआप्पा म्हणूनच ओळखले जायचे. वडील मिठागरात राबलेले. आप्पांनी ट्रक चालवले, मग ट्रक घेतले, तीन मुलींची लग्नं केली. आमचं घर त्यांच्या कुंपणाला लागून. त्यांच्या घरातल्या सगळ्या गोष्टी आम्हाला कळायच्या, कारण आप्पा त्या बायकोच्या कानात सांगायचे.

मी आणि माझा नवरा समीर सुट्टीत डोंगरवाटांवर सायकली चालवतो. आप्पांच्या हृदयात स्प्रिंग बसवली आणि डॉक्टरांनी त्यांना रोज हलका व्यायाम सांगितला, तेव्हा तेही आमच्यात आले. पनवेलच्या दुकानात आम्ही त्यांना तशीच दणकट सायकल घ्यायला घेऊन गेलो. गीअर किती, हा त्यांचा पहिला प्रश्न. चोवीस, असं ऐकल्यावर ते मागेच सरले. "माझे ट्रकला सहा. म्हंजे या एका सायकलीत चार ट्रक हायत!" पण चोवीसांतला पहिला सोडून दुसरा गीअर त्यांनी कधी टाकला नाही. लोड असला की पहिला गीअर, हा त्यांचा नियम, आणि लोड म्हणजे ते स्वतः. काशीदच्या चढावर ते पंख्यासारखे पाय फिरवायचे आणि शेजारून एखादी म्हैस त्यांना मागे टाकून जायची. पुढच्या चाकावरच्या शॉकअपची स्प्रिंग दाखवून म्हणायचे, "हिला भायेर, मना आत. दोघांचा पण कंट्रोल हाय."

थंडीत आम्ही कच्छला जायचं ठरवलं. आधी तिथल्या उघड्याबोडक्या डोंगरांत सायकली चालवायच्या, परतताना छोट्या रणात तंबू ठोकायचे. आप्पांनी लगेच आपली पिकअप देऊ केली आणि चालक म्हणून स्वतःलाही. अडचण एकच होती, काकी. दवाखान्यातून आल्यापासून काकींनी त्यांना जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायची बंदी केली होती. म्हणून आप्पांनी घरी सांगितलं की ड्रायव्हर सुट्टीवर गेलाय आणि भुजला पाइपांचा लोड पोचवायलाच हवा. मग कुंपणाशी येऊन मला कुजबुजत म्हणाले, "बाय, सायकली ताडपत्रीखाली टाकतो. तुमी हायवेच्या नाक्यावर उभे ऱ्हा. काकीला कळता कामा नये." पलीकडच्या आळीतला न्हावी दुकानाबाहेर येऊन आमच्याकडे बघायला लागला.

प्रवासात टोलनाक्यावर आप्पांना बोलायला काच खाली करावी लागली नाही; आवाज तसाच बाहेर पोचायचा. रोज संध्याकाळी काकींचा फोन यायचा. आप्पा पिकअपपासून लांब जाऊन बोलायचे, म्हणजे आम्हाला फक्त त्यांचीच बाजू ऐकू यायची. "वारा? न्हाय गो, वारा नाय, पाइपांतून आवाज येतोय... उतरवतात ना, हमाल हायत ना... समीर? कोन समीर?"

खाण्याच्या बाबतीत मात्र त्यांनी कुणावर भरवसा ठेवला नव्हता. तांदळाच्या पिठाचा मोठा डबा आणि सुकटीची पिशवी काकींनीच बांधून दिली होती. डोंगरातला पहिला तळ आम्ही एका शेताच्या बांधाला टाकला आणि आप्पांनी तव्यावर सुकट परतायला घेतली. आधी गावातली कुत्री आली, सगळी. मागोमाग शेताचे मालक आले, नाकाला रुमाल लावून. फार सभ्य गृहस्थ. हात जोडून त्यांनी हिंदीत विचारलं, "भाई, आपकी गाडी में कुछ मर गया है क्या?" आप्पांना ते इतकं लागलं की पुढे दोन दिवस त्यांनी तिथल्या ढाब्यांवरच्या शेव-टमाट्याच्या भाजीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तीच भाजी दोनदा मागून घेतली.

डोंगरवाटांवर आप्पा आमच्या मागून यायचे. ते दिसायचे नाहीत, पण काट्याला, धोंड्याला आणि वाट आखणाऱ्याला घातलेल्या शिव्यांवरून ते कुठवर आले ते समजायचं. एका उतारावर त्यांनी दोन्ही ब्रेक एकदम दाबले आणि सायकल तिथेच ठेवून स्वतः बाभळीत गेले. मी धावत गेले तर म्हणाले, "काय नाय, बाय. गाडी जागेवर हाय. पॅसिंजर उतरला."

मग आम्ही रणात पोचलो. पिकअप थांबली. पुढे नजर पोचेल तिथवर भेगाळलेली जमीन, तिच्यावर मिठाची पांढरी साय आणि लांबवर मिठागराचे वाफे. आप्पा खाली उतरले, चार पावलं चालून गेले आणि उभे राहिले. किती तरी वेळ ते एक शब्द बोलले नाहीत. समीरने घाबरून मला त्यांच्या गोळ्या काढायला सांगितल्या. पण आप्पांनी वाकून खड्याएवढं मीठ उचललं, जिभेवर ठेवलं आणि म्हणाले, "बा असता तर येडा झाला असता. एवढा मीठ, आनि दर्या कुठंच नाय."

तिथे एक म्हातारे मीठकामगार भेटले. आप्पा आगरीत आणि ते त्यांच्या बोलीत, असे दोघे बराच वेळ वाफ्याच्या कडेला बसून बोलले. "काय म्हणत होते?" मी विचारलं. "त्यालापण तीन पोरी हायत." "कसं कळलं?" "तीन बोटं दाखवली ना!" समीर म्हणाला, तीन वाफे असतील. आप्पा म्हणाले, "वाफ्यांसाठी कोन असा हसतो?"

दुसऱ्या दिवशी दुपारी समीर एकटाच सायकल घेऊन रणात निघाला. रस्ता मोबाइलवर दिसतोय, तासाभरात येतो, असं सांगून गेला. वारा सुटला. पांढऱ्या धुळीत जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. सूर्य कलला तरी समीरचा पत्ता नाही, फोन बंद. मी पुन्हापुन्हा नंबर लावत राहिले. आप्पांनी पिकअप सुरू करून थेट रणात घातली आणि थोड्याच अंतरावर पुढची चाकं मिठाखालच्या चिखलात बसली. मग टपावर चढून त्यांनी हाक मारली, "समीऽऽऽर!" वाऱ्याने ती उलटी आमच्याच अंगावर आणली. ते खाली उतरले आणि सायकल घेतली. मी हँडल धरलं. "आप्पा, तुम्ही नाही जायचं. डॉक्टरांनी काय सांगितलंय?" त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. "बाय, तू हितं दिवा लावून बस. मी ओरडत जातो."

पहिल्या गीअरमध्ये पाय फिरवत ते धुळीत शिरले. हाक लांब जात राहिली, मग डावीकडे, मग उजवीकडे, मग एकदम थांबली. ती थांबली तेव्हा मला जे वाटलं ते मी अजून समीरलाही सांगितलेलं नाही.

बऱ्याच वेळाने आवाज आला. भांडण चालू होतं. पुढे समीर, दोन्ही हातांत दोन सायकली, आणि त्याच्या खांद्याला धरून आप्पा. "मी त्याला शोधला!" आप्पा लांबूनच ओरडले. समीर पार दमला होता. म्हणाला, "मी कधीपासून यांच्या आवाजाकडे येतोय! पण हे एका जागी थांबतील तर ना! मी इकडे वळलो की हे तिकडे. शेवटी दम लागून खाली बसले म्हणून सापडले." मी रडत होते आणि हसतही होते. आप्पांचा चेहरा मात्र राखेसारखा झाला होता आणि हात छातीवर होता.

त्यांच्या गोळ्यांची पिशवी उघडली तर रिकामी. आणलेल्या गोळ्या त्यांनी संपवल्या होत्या, की घेतल्याच नव्हत्या, ते आजवर कळलेलं नाही. ते नको नको म्हणत असताना मी काकींना फोन लावला. सगळं कसं सांगावं ते मला सुचेना. काकींनी मला बोलूच दिलं नाही. "पिठाच्या डब्यात तळाला गोळ्यांचा पाकीट हाय. एक जिभेखाली ठेव. आनि त्यांना गप बसायला सांग." मी कोपरापर्यंत हात पिठात घातला. पाकीट होतं. गोळी दिली. हळूहळू आप्पांच्या तोंडावर रंग आला. मग फोन हातात घेऊन ते जन्मात पहिल्यांदा खरंच कुजबुजले, "तुला कवा कळला गो?" काकींचा आवाज आम्हालाही स्पष्ट ऐकू आला. "तुमी बायच्या कानात सांगितलात तवाच. आख्ख्या गावाला कळला."

म्हाताऱ्या मीठकामगाराच्या ट्रॅक्टरने पिकअप ओढून काढली. जवळच्या शहरातल्या डॉक्टरांनी आप्पांना तपासून परतायची परवानगी दिली. गाडी समीरने चालवली. शेजारी बसून आप्पा वापीपर्यंत त्याला गीअर कधी बदलायचे ते शिकवत होते.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आप्पा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. हाक नाही, काही नाही.

दिवाळी झाल्यावर काकी कुंपणाशी आल्या. "ते तुमचा रन का काय हाय, ते मना दाखवा," एवढंच म्हणाल्या. आम्ही त्यांना घेऊन गेलो. रणाच्या कडेला उतरल्या, चपला काढून गाडीत ठेवल्या आणि पदर खोचून मिठावरून चालत गेल्या, बऱ्याच लांब. आम्ही हळूहळू मागून गेलो. काकी कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना बघत होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"एवढ्यासाठी खोटा कशाला बोलला तो?" त्या म्हणाल्या. "इचारला असता तर मीपण आली असती."