पाय उगवतीकडे

पासष्टच्या लढाईआधी आमची पलटण पंजाबात होती. बराकीत माझ्या शेजारची खाट योहानची. तो अकोल्याच्या जुन्या शहरातला, मी बाळापूरचा. अख्ख्या कंपनीत वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघेच. तो ख्रिस्ती. आमच्या घराने छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतलेली. रायफल साफ करता करता रोज वाद.

"मेला माणूस उठते काय बे?" मी म्हणायचो.

"उठते. येशू उगवतीकडून येईन. म्हणून आमच्यात पुरताना पाय पूर्वेकडं करतात. उठलं का तोंड त्याच्याचकडं." मग हसायचा. "तू बी ये पाहाले, बाळापूऱ्या."

मी चौथीपर्यंत शिकलो, पण वादात कोणाला हार गेलो नाही. त्यालाही नाही.

लढाईत एका दुपारी मोर्टारचा गोळा त्याच्या खंदकावर पडला. योहान जागीच गेला. वायरलेसवर हुकूम आला, अंधाराआधी पुढे सरका. मागे न्यायला गाडी नव्हती. सुभेदार साहेबांनी तिथेच पुरायला सांगितले. खड्डा मी खोदला. पाय पूर्वेला करून ठेवत होतो, तेवढ्यात त्यांनी अडवले. पश्चिमेला दुश्मन होता.

"जवान की पीठ दुश्मन की तरफ? घुमाओ."

"नहीं साब."

"हुकम है."

"साब, वो उठेगा तो पूरब देखेगा. उसका धरम है."

"और तेरा?"

"मेरा नहीं है, साब."

सुभेदार साहेब दुसरे फावडे उचलून माती लोटू लागले.

पुढच्या ईस्टरला रजा मिळाली. पहाटे अकोल्याच्या दफनभूमीत लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर फुले ठेवत होते, गाणी म्हणत होते. योहानच्या मायजवळ कबर नव्हती. तिने भिंतीपाशी एक वीट मांडून तिच्यावर मेणबत्ती लावली होती. मी त्याच्या शेजारच्या खाटेवरचा, हे सांगितले. गोळा कसा पडला, त्याला त्रास झाला का, तिने काही विचारले नाही.

"बाबू, पाय कोणीकडं केले त्याचे?"

"उगवतीकडं, माय. म्याच केले."

"मंग भेटीन थो मले."

माय जाऊन बरीच वर्षे झाली. तिला त्या विटेशेजारीच पुरले, पाय पूर्वेला. मेला माणूस उठतो हे मी आजही मानत नाही. दर ईस्टरला बाळापूरहून जातो, विटेवर मेणबत्ती लावतो आणि दिवस वर येईपर्यंत उगवतीकडे तोंड करून उभा राहतो.