हातवर मामा

मामा रस्त्याने चालता चालता मधेच थांबत आणि दोन्ही हात डोक्याच्या वर करत. कोपरं सरळ, पंजे उघडे, समोर कुणी बंदूक रोखल्यासारखे. नवखा माणूस आधी मामांकडे बघे, मग बंदूकवाला कुठे आहे ते शोधे. बंदूकवाला नसे; देशी दारूचं दुकान असे. "देवबापा, माज्यानं हुईना. तू बघ आता," असं मामा मोठ्याने सांगत, मिनिटभर तसेच उभे राहत आणि मग हात खाली घेऊन भाजी आणायला निघाल्यासारखे चालू लागत. दुकानदार त्यांच्यावर जाम चिडून असे, कारण मामांना बघून दाराशी आलेली एकदोन गिऱ्हाइकंही ओशाळून परत फिरत.

मामा माझ्या आईचे चुलतभाऊ. वाईजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातला फौजेत गेलेला हा एकच गडी. फौजेतून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या: गाडी चालवण्याचा परवाना आणि दारूची सवय. चर्चमध्ये मंडळीसमोर उभं राहून त्यांनी पाच वेळा दारू सोडण्याची शपथ घेतली आणि पाच वेळा मोडली. पाचव्या वेळी पाळकसाहेबच रडले, मामा नाही. पुढे कधीतरी हे हात वर करणं सुरू झालं आणि दारू सुटली. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "शम्या, 'मी सोडतो, मी सोडतो' म्हनत हुतो तवर सुटली न्हाई. सोडनारा मीच आनि पिनाराबी मीच. दोघं एकाच घरातलं, भांडनार कसं?"

"पण मामा, फौजी माणूस तुमी. हात वर करायची लाज न्हाई वाटत?"

"दुश्मनापुढं कवा केलं न्हाईत, म्हनून तर देवापुढं करायला शिल्लक हायत. आनि हे बघ, हात वर असलं की बाटलीकडं जात न्हाईत. कुनाच्या गळ्याकडंबी जात न्हाईत." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. माझा राग तेव्हाही पंचक्रोशीत प्रसिद्ध होता.

मी सांगलीकडे म्हशींचा व्यापार उभा केला तो स्वतःच्या हिमतीवर. मला कुणी काही दिलेलं नाही, हे मी ज्याला त्याला सांगतो. मामांना मी टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून घेतलं, तेही पगार पाडून. पहिल्याच खेपेला औंधाजवळ एका परमिट रूमची पाटी दिसली आणि मामांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरून उठले. मागे चार म्हशी, समोर उसाची ट्रॉली.

"मामा, स्टिअरिंग!"

"देव बघतोय रं!"

"देवाकडं हेवी लायसन हाय का?"

टेम्पो कसाबसा रस्त्याकडेच्या चारीत जाऊन थांबला. मामांनी माझ्या बोलण्याचा रात्रभर विचार केला असावा, कारण दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. पाटी दिसली की गाडी कडेला, गिअर न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग हात वर. "तुजं बरोबर हुतं," ते म्हणाले. "शरन जायचं तर आधी हँडब्रेक. आपली कामं आपन करायची. देव काय क्लीनर न्हाई."

या माणसाच्या हातांना बाजारात किंमत आहे हे माझ्या लक्षात आलं. जनावरांच्या बाजारात अजूनही टॉवेलखाली हातात हात घालून बोटांवर भाव ठरतो. आजूबाजूच्यांना कळू द्यायचा नसतो. मी मामांना माझ्या वतीने टॉवेलखाली हात घालायला बसवलं. गिऱ्हाईक विचारी, "फौजी, जनावर चांगलं हाय न्हवं?" मामा "हाय" म्हणत आणि हात खालीच राहत. दारूचाच नव्हे, खोटं बोलायचा मोह झाला तरी हे हात वर करतात, हे साऱ्या बाजाराला ठाऊक. त्यामुळे हात खाली म्हणजे म्हैस खरी. गिऱ्हाईक पुढचं तपासतही नसे. वर्षभर माझ्या म्हशी हातोहात गेल्या. चांगल्याच म्हशी होत्या त्या, हेही सांगून ठेवतो.

मग ती मुऱ्हा जातीची म्हैस आली. दिसायला अशी की बाजार वळून बघावा. फक्त कासेच्या चार सडांतलं एक बंद. त्यातून थेंब निघत नव्हता. सकाळी मामांनीच धार काढली आणि मला येऊन सांगितलं. मी म्हटलं, "तुमी गप बसा." ते गप बसले. मला वाटलं, जमलं.

विट्याकडचे एक आप्पा गिऱ्हाईक होते. टॉवेलखाली भाव जवळजवळ जुळला होता. उठता उठता आप्पांनी सहज विचारलं, "फौजी, चारी सडं चालू हायत न्हवं?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. त्यांचे ओठ हललेही. आणि टॉवेल हवेत उडाला. दोन्ही हात वर, त्यातल्या एका हातात आप्पांचा हात अजून अडकलेला, म्हणजे आप्पाही अर्धे शरण. "देवबापा, माज्यानं हुईना!" सगळा बाजार जमला. शेजारी माझा जुना वैरी बाळू उभा होता, त्याच्याही जनावरांची दावण तिथेच. पोट धरून हसत तो ओरडला, "ए तीनसड्या!"

ते नाव मला चिकटलं ते चिकटलंच. आज माझी तीस जनावरं आहेत, घरावर मजला चढला आहे, आणि बाजारात पोरंटोरंही विचारतात, "तीनसड्या कुठं हाय?" त्याच संध्याकाळी मी मामांना टेम्पोवरून उतरवलं. म्हटलं, "गप बसायचं एवढं एक काम दिलं हुतं तुमाला."

"गप बसलो की. पर त्यांनी इच्यारलं, शम्या. 'व्हय' जिभेवर आलं हुतं रं. गोड लागत हुतं."

दोन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. नाताळात ते चर्चच्या दाराशी उभे राहत आणि मी बाजूच्या दाराने आत जात असे. माझी एकच अट होती: मामांनी "चुकलो" म्हणावं. एवढा एक शब्द. आईने निरोप नेले, पाळकसाहेबांनी नेले. शब्द आला नाही.

मग मामांना लकवा मारल्याचं कळलं. मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी गेलो. खोटं कशाला सांगू, मायेने गेलो नाही. माणूस खाटेला खिळलाय, आता तरी म्हणेल, या हिशोबाने गेलो. सौद्यात समोरचा दमला की भाव उतरतो, हा माझा धंदाच आहे.

मामा अर्धे झाले होते. डावी बाजू निपचित, तोंड वाकडं. मला बघून उजवा डोळा हसला. मी स्टुलावर बसलो आणि सरळ मुद्द्यावर आलो. "मामा, एकदा म्हना. चुकलो म्हना. मग मी सगळं सोडतो."

मामांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आला शब्द. आणि त्यांनी उजवा हात वर केला. डाव्याकडे बघितलं. तो उठेना.

"शम्या," त्यांचे शब्द जड येत होते, "त्यो हात... वर कर."

"कशाला?"

"एक हात म्हंजे... शाळंतली हजेरी. शरन जायला... दोन लागत्यात."

"पन मोह कसला झालाय इथं? सलाईनचा?"

"तू आलास. लय बरं वाटलं. वाटलं, म्हनावं चुकलो... पोरगं खूश हुईल. खोटंच म्हनावं... उचल रं. लवकर."

दोन वर्षं ज्याची वाट बघितली तो शब्द त्या माणसाच्या ओठांवर होता, आणि तो बाहेर पडू नये म्हणून मामा मदत मागत होते माझ्याकडेच. असा सौदा माझ्यापुढे आयुष्यात कुणी ठेवला नव्हता. नुसतं बसून राहिलो असतो तरी जिंकलो असतो.

मी उठलो. हात मेल्यासारखा जड होता, दोन्ही हातांनी धरून वर उचलावा लागला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने आम्हा दोघांना तसं बघितलं आणि घाबरून विचारलं, "काय झालं वो? कोन आलंय?"

मिनिटभराने मामांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "तीनच हुती, शम्या," ते म्हणाले. "सडं."

"व्हय मामा," मी म्हणालो. "तीनच हुती."

आठवड्याने ते गेले. शवपेटीत कुणीतरी त्यांचे हात छातीवर नीट घडी घालून ठेवले होते. ते मामा वाटतच नव्हते. मी त्यांच्यावर अजून रागावलेला आहे. माफी त्यांनी मागितली नाही ती नाहीच, आणि आता वसूल करायची जागाही राहिली नाही.

गेल्या बाजारी बाळूने माझ्या गिऱ्हाइकासमोर पुन्हा हाक मारली, "ए तीनसड्या!" हातात काठी होती. बाळूचं डोकं काठीच्या बरोब्बर टप्प्यात होतं. मी आधी काठी खाली ठेवली. तो माझा हँडब्रेक. मग भर बाजारात दोन्ही हात वर केले. बाळू दोन पावलं मागे सरला.

"देवबापा," मी म्हणालो, "याला मी मारनार हुतो. माज्यानं हुईना. तू बघ आता. आनि जमलं तर माज्या वतीनं याच्या कानाखाली दोन ठेव."