पाच कपाळं

"आपली पारी नाही, ताई. पुढच्या नावेत बसा."

घाटावर उतरलं की हे पहिलं वाक्य कानावर पडायचं. पारी म्हणजे पाळी. नाव रिकामी, वल्हं हातात, गिऱ्हाईक समोर उभं, आणि हा गृहस्थ बोट दाखवणार शेजारच्या नावेकडे! अहो, काशीत गिऱ्हाइकाची बाही ओढणारे पावलोपावली भेटतात. परत पाठवणारा हा एकच.

रामघाटावरच्या मराठी घरांना जन्मभर इकडून तिकडे नेऊन या नावाडीदादांचं मराठी आमच्या मुलांपेक्षा बरं झालं होतं. बँकेच्या बदलीनं मी इथं आले, तेव्हा बाजारात कुठली भाजी घ्यायची नाही हेसुद्धा त्यांनीच सांगितलं.

घाटावर पाच नावा, पाच घरं, आणि ठरलेली पारी. कुणी आजारी पडला तर दुसरा त्याची नाव वल्हवायचा आणि मिळकत त्याच्या घरी पोचवायचा. एक नावाडी वारला होता. त्याच्या बायकोची, म्हणजे घाटावरच्या वहिनींची, नाव हेच चालवत. "पारी नावेची असते, ताई. माणसाचं काय, आज आहे उद्या नाही." पुरात नावा बांधून ठेवाव्या लागल्या, टाळेबंदीत नदी ओस पडली, पण जे होतं ते पाची घरांत फिरलं. एकाही घरातली चूल विझली नाही.

मी मात्र बँकेची बाई. लहान धंदे वाढवणं हे माझं काम, आणि त्याची मला केवढी घमेंड! एक दिवस त्यांचा फोटो काढला आणि मोबाइलवरच्या नौकाविहाराच्या बुकिंग अ‍ॅपवर टाकला. लोक त्यांनाच विचारत येऊ लागले. हे आपले, "पुढच्या नावेत बसा." लोक चिडले, भराभर एकेक तारा देऊन मोकळे झाले.

मी वैतागले. "लक्ष्मी टिळा लावायला आली की कपाळ धुवायला जाऊ नये, कळलं?"

"येऊ दे की. पण इथं पाच कपाळं आहेत, ताई."

मी हसले. हसायला नको होतं. बाकीच्या तिघा नावाड्यांनी मोबाइल पाहिला, आपापले फोटो टाकले, नावांना इंजिनं बसवली. वर्षभरात पारी मोडली. हे एकटेच पाळत राहिले, एक दिवस स्वतःची नाव, एक दिवस त्या वहिनींची.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला.

त्यांची नाव बांधलेलीच राहिली. न राहवून मी शेजारच्या नावाड्याला विचारलं, "आज यांच्या नावेची पारी ना?"

"अब कैसी पारी, मॅडम?" तो मोबाइलमधून मान न काढता म्हणाला. "आप ही ने तो रास्ता दिखाया."

तो खोटं बोलत नव्हता. पलीकडे त्या वहिनी दोन्ही नावांत साचलेलं पाणी डब्यानं उपसत होत्या. आता रोज तेवढंच करतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

काल नावाडीदादांना भेटायला गेले. तोंड वाकडं झालंय, शब्द जड येतात. पहिलाच प्रश्न, "आज नाव गेली पारीला?"

"गेली," मी खोटंच म्हटलं.

"वहिनींची?"

"ती आधीच गेली."

त्यांचा चेहरा निवळला. मी पलंगाशी बसू लागले, तर त्यांनी डावा हात कसाबसा उचलला आणि घाटाच्या बाजूला बोट दाखवलं.

"मग आता... पुढच्याची पारी."