पाय बघून सांगणाऱ्या सिस्टर

मंचरच्या दवाखान्यातल्या सिस्टर पेशंटच्या तोंडाकडे आधी कधीच बघायच्या नाहीत. पांघरूण सारायचं, नडगीवर अंगठा दाबायचा आणि सुजेत पडलेला खड्डा भरायला किती वेळ लागतो ते बघत उभं राहायचं. "तोंड खोटं बोलतं भाऊ, पाय न्हाई," एवढं म्हणून त्या पुढच्या खाटेकडे वळत. कोण घरी जाणार आणि कोणाला पुण्याला हलवावं लागणार, हे त्या अचूक सांगत. डॉक्टरही त्यांना विचारल्याशिवाय कोणाला घरी सोडत नसत.

माझे वडील, अण्णा, तिथं दाखल झाले तेव्हा त्यांचं हृदय थकलं होतं. अंगात पाणी साठायचं, आडवं झालं की दम लागायचा. दिवसाला चारच पेले पाणी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. औषधं चालू, तरी सूज हटेना. मी घाबरून सिस्टरांना विचारलं, "वाचतील ना?" त्यांनी वाकून खाटेखालची रिकामी शहाळी मोजली. अकरा निघाली. दवाखान्यात रिकाम्या हातानं जायची आमच्याकडे रीत नाही, आणि आणलेलं शहाळं पाहुण्यासमोर प्यायलं नाही तर त्याला राग येतो. अण्णा बिचारे सगळ्यांचा मान राखत होते.

"अण्णा जगतील," सिस्टर म्हणाल्या, "पण पावण्यांनी जगू दिलं तर."

त्यांनी मला दारात पहाऱ्याला बसवलं. अवसरीच्या मामांचं शहाळं मी उंबऱ्यातच काढून घेतलं. मामा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. इकडे रोज सकाळी एकाच लेंग्यात अण्णांचं वजन व्हायचं. आठवड्यात सहा किलो उतरलं. सिस्टर म्हणाल्या, "आता न्या घरी. काटा इकत घ्या. दोन किलो वाढलं की लगेच आणा, दम लागायची वाट बघू नका." आम्ही ते पाळलं आणि अण्णा नऊ वर्षं कांदा लावत राहिले.

शेवटच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, औषध बदलून बघू. सिस्टरांनी मला बाहेर बोलावलं.

"बहीण नाशिकला असती ना? आजच बोलवा."

"इतकं वाईट आहे?"

"हाय. लघवी बंद व्हत चाललीय. चार दिवस न्हाई निघायचे. तुमाला खोटा धीर देऊन लेकीची भेट कशाला चुकवू?"

त्यांचा अंदाज चुकावा असं मला आयुष्यात तेवढं एकदाच वाटलं. माझी बहीण सुमन त्याच संध्याकाळी नाशिकच्या एसटीनं आली. दोन दिवस तिनं अण्णांना चमच्यानं पेज भरवली, डोक्याला तेल लावलं, आणि दोघं तिच्या लहानपणाचं काहीबाही बोलत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गेले. मी चहा आणायला खाली उतरलो होतो. सुमन जवळ होती.