फायनलच्या दुपारचे वडे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — खरं म्हणजे पहिल्यांदा तिलाच सांगायला हवं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुरबाडपासून जीपने आत आमचं गाव. पुरुषांच्या कबड्डी स्पर्धेचं यजमानपद पहिल्यांदाच मिळालेलं — केवढा तो थाट! भात कापलेल्या शेतातली ढेकळं फोडून, माती चाळून मैदान केलं. सरपंचांच्या खुर्चीला नवं कव्हर शिवलं. बाहेरगावचे संघ घरोघरी वाटून दिले. ज्याच्या घरी जो संघ, त्याचं जेवणखाण त्या घराने बघायचं. आमच्याकडे उंबरमाळीकडची पोरं आली. आणि मी? मी आमच्या गावच्या संघात होतो की! राखीव. म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरायला आणि टाळ्या पिटायला.

फायनलला नेमके आम्ही आणि आमच्याच घरचे पाहुणे समोरासमोर. त्यांचा कप्तान गजानन चढाईला आला की आमची पोरं आपोआप मागे सरकायची. त्याला अडवणार कोण? मैदानात तरी कुणी दिसत नव्हतं.

त्या दुपारी आईने कोंबडीचा रस्सा आणि वडे केले. परात माझ्या हातात देताना म्हणाली, "पोरांना खेळायचं हाय रे, बेतानं वाढ."

आणि मी — कसं सांगू? — बाहेर जाऊन गजाननला म्हणालो, "आय बोललीय, पाव्हनं पोटभर जेवलं नाय तर ती पन जेवनार नाय."

ताटावर आडवा धरलेला हात त्याने काढून घेतला. मी वाढलं. पुन्हा वाढलं. तो "बस" म्हणाला की मी नुसता स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचो — बिचारा मुकाट्याने पुढचा वडा तोडायचा.

संध्याकाळी गजाननला धड वळताही येईना. शेवटच्या चढाईत आमच्या पोरांनी त्याचा पाय धरला, तो खाली बसला आणि बसूनच राहिला. गाव नाचलं. मीही नाचलो, खोटं कशाला बोलू? मैदानात पाऊलही न टाकता फायनल जिंकली होती मी!

पण तिकडे त्याच्या गावाने त्याचं नाव 'वडे' पाडलं. पुढच्या वर्षी कप्तानपदही गेलं. गजानन एवढंच म्हणत राहिला — चूक माझी, जीभ आवरली नाही. माझ्या आईचं नाव त्याने कधी मध्ये आणलं नाही. उलट, असं मायेचं घर शोधून मिळायचं नाही म्हणून धाकटी बहीण सुनंदा आमच्या घरात दिली. मला दिली! तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मी मुंडावळ्या बांधून बोहल्यावर चढलो.

आता आई नाही. गजानन जेवायला आला की माझी पोरं मामाकडून फायनलची गोष्ट हट्टाने ऐकतात. तो पोटावर हात फिरवत स्वतःची फजिती अशी रंगवतो की सगळे लोळून हसतात. मीही हसतो. मग तो पहिल्यांदा "बस" म्हणाला की मी वाढणं थांबवतो.

सुनंदा वैतागते. "दादा, यांना आग्रह करताच येत नाय बघ."

"ऱ्हाऊ दे गो," गजानन म्हणतो. "आग्रह करावा तो तुझ्या सासूनं."

आई बेतानं वाढ म्हणाली होती. खोटं मी बोललो.